हाताची घडी

९ मार्च

वन्सं,

तुमच्या गार्डसाहेबांच्या कोटाच्या आतल्या खिशात हात घातलात म्हणून हे सापडलं. वाचून झालं की सरळ चुलीत घाला. तुमची ट्रंकेत जपून ठेवायची खोड मला माहीत आहे. लग्नात रुसून लिहिलेली माझी चिठ्ठीसुद्धा तुम्ही अजून ठेवली असेल!

पत्राबरोबर माझी लेक, भिंगरी, येतेय. तुमचे यजमान तिला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, त्यांच्या बाकाखाली बसवून आणणार आहेत. वन्सं, तुम्हाला न विचारता पाठवतेय. विचारायला वेळ नव्हता.

तुमच्या दादांना खंदक खणायला नेलं, त्याला आख्खा हिवाळा उलटला. काही कळत नाही. आता आपल्या लोकांच्या दारांवर निळे पट्टे ओढलेत आणि पट्टा पाहून लॉरी थांबते. परवा शिंप्याची गल्ली रिकामी केली. एका घरात शेगडीवर दूध तसंच होतं, उतू जाऊन विझलेलं. आमच्या दारावरही पट्टा आहे, पण त्याखाली छावणीचा कागद चिकटवलाय, की या धुलाईवालीला हात लावू नये. कशामुळे, तर मामंजींच्या घडीमुळे! साहेबलोकांना शर्ट ट्रंकेतून काढला की छातीवर चुणी नको असते, आणि बाह्या पाठीमागे न नेता पुढे छातीवर एकीवर एक आडव्या ठेवायची ती घडी शहरात आपल्याशिवाय कोणाला येत नाही. मामंजी पडद्याआड घालायचे, आठवतं ना? मला शिकवताना कपाळाला हात लावला होता त्यांनी. "सून मिळाली तीही डावरी, हिची डावी बाही वर येणार!" मग म्हणाले, जाऊ दे, गिऱ्हाईकाला काय कळतंय.

तर त्या कागदावर मी एकटी आहे. लेकराचा उल्लेख नाही. मी विचारलं तर कारकून म्हणाला, पोर शर्ट धुते का? आता तुम्हीच सांगा, काय करू?

तिला पढवून पाठवलंय. तुम्हाला आत्या म्हणायचं नाही, मावशी म्हणायचं. ती गार्डसाहेबांच्या मित्राची मुलगी, आई इस्पितळात आहे. कोणी जास्त विचारलंच तर हाताची घडी, तोंडावर बोट. हा खेळ तिला पक्का येतो. तुमच्या सासूबाईंपासून मात्र जपा. तुम्ही कोणाची लेक आहात हे त्यांना अजून ठाऊक नाही, आणि कळायची ही वेळ नव्हे.

झोपताना ती माझ्या पदराचं टोक मुठीत धरते. एक जुना पदर कापून गाठोड्यात घातलाय.

तुमची,
वहिनी

---

२ एप्रिल

वहिनी,

पोचली गं पोचली. कोळशाने काळी झालेली, पुढचे दोन दात पडलेले. दारात मला पाहून "आ" म्हणाली आणि तिथेच तोंड मिटून "मावशी" म्हणाली. तेवढ्या एका "आ"वर आमचं सगळं घर टांगलेलं होतं.

सासूबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कोणाची?" म्हणाल्या. मी घोकलेलं सगळं एका दमात बोलून टाकलं. त्या नुसतं "हं" म्हणाल्या. वहिनी, त्या "हं"ची मला कोणाच्या बंदुकीपेक्षा जास्त भीती वाटते. आता त्या दिवसभर तिच्या हातांकडे बघत बसतात. ती काही करायला लागली की स्टूल ओढून शेजारी येतात. घास मोजतात की काय कोण जाणे. यांना सांगितलं तर म्हणतात, "आईचं काही मनावर घेऊ नकोस." यांना काय, हे निम्मा महिना गाडीवर! माझा जीव मात्र इथे टांगणीला.

त्यात आगीतून फुफाट्यात म्हणतात तसं झालंय. जंक्शनवर पहारा वाढवला, आणि आमच्या पुढच्या खोलीत एक साहेब राहायला आणून बसवलाय. नाही म्हणायची सोय नव्हती. माणूस हळू बोलतो, जिना चढताना आवाजही होत नाही, अचानक मागे उभाच असतो. त्याचे कपडे मलाच धुवावे लागतात. नखरे किती! कफ पत्र्यासारखे कडक पाहिजेत आणि कॉलरला खळीचा थेंबही नको. मानेवर भाजल्याची खूण आहे, तिथे म्हणे टोचतं. मी दोनदा चुकले तर शर्ट न बोलता माझ्यासमोर पाण्यात टाकला.

पण तुझी लेक गुणाची हो! मी इस्त्री करते आणि ती टेबलाशी खुर्चीवर उभी राहून शर्टांच्या घड्या घालते. एवढ्याशा हातांनी इतक्या नेटक्या, की साहेबसुद्धा कालपासून गप्प आहे. कामात असली की रडत नाही, म्हणून मीही घालू देते.

रात्री पदर लागतोच. सकाळी मी तो उशीखाली लपवते.

तुझी,
वन्सं

---

९ एप्रिल

वन्सं,

तिला घडी घालू देऊ नका! हे वाचताय तिथूनच उठा आणि त्याची खोली उघडी असेल तर कपाटातले शर्ट मोडून, कसेबसे चुरगाळून ठेवा.

तुमचं पत्र दुकानात वाचलं आणि माझी पाचावर धारण बसली. मऊ कॉलर, कडक कफ, मानेवर भाजल्याची खूण. अहो, तो माझं गिऱ्हाईक आहे! वर्षभर त्याचे शर्ट मी धुतलेत. एकदा इथे काउंटरवर त्याने शर्ट उलगडला आणि पुन्हा तशीच घडी घालायला बसला. जमेना. हसत म्हणाला, "ही घडी शहरात दुसऱ्या कोणाच्या हातून पाहिली नाही." मी मूर्ख, खूश झाले. त्याला खाऱ्या बिस्किटांबरोबर चहा दिला.

चूक माझीच आहे. तिला बाकी सगळं पढवलं. काय म्हणायचं, काय नाही, कोणाकडे बघायचं नाही. हात पढवायचे राहून गेले. आमच्या घरात पोर चालायला लागलं की रुमालाच्या घड्या घालतं, ते आम्हाला दिसतसुद्धा नाही.

तो गप्प आहे म्हणता. तो समाधानाने गप्प बसणाऱ्यातला नाही, वन्सं. ही घडी कुठे पाहिलीय ते आठवत असेल.

मला रात्रभर झोप नाही. काय झालं ते कळवा. काही झालं नसेल तर तेही कळवा.

वहिनी

---

१४ एप्रिल

वहिनी,

तुझं पत्र हातात पडलं, पण उशीर झाला होता. आधी हे वाच, की आम्ही सगळे जिवंत आहोत आणि भिंगरी आत्ता माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय. आता सांगते.

काल दुपारी मी बटाटे सोलत होते. साहेब स्वयंपाकघराच्या दारात कधी येऊन उभा राहिला कळलंच नाही. तळहातावर ताट धरावं तसा घडी घातलेला शर्ट.

"ही कोणी घातली?"

आणि तुझी लेक! शिकवल्याबरहुकूम तिने हाताची घडी घातली आणि तोंडावर बोट ठेवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग शर्टाकडे, पुन्हा तिच्याकडे. मला वाटलं, संपलं.

"मी घातली," सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या. "का? काही कमी पडलं का?"

"ही घडी एकाच दुकानात घालतात, आजी. निळ्या पट्ट्याच्या."

"अहो, माझ्या बहिणीने शहरात इस्त्रीवर हाडं झिजवली. तिथे गल्लोगल्ली अशी घालतात. तुम्ही एकच दुकान बघितलंत, त्याला मी म्हातारी काय करू?" आणि उठल्या, त्याच्या हातातून शर्ट ओढून घेतला, फडाफडा झटकला, टेबलावर उपडा टाकून सुलटा केला आणि त्या वाकड्या बोटांनी घडी घातली. वहिनी, तीच घडी! बाह्या छातीवर, कॉलर ताठ, एक चुणी नाही. मी बघतच राहिले. त्या इतके दिवस शेजारी बसून पोरीचे घास मोजत नव्हत्या, घडी शिकत होत्या!

साहेबाने घडीवरून अंगठा फिरवला. मग हसला. "सोमवारी मी शहरात जातोय. गल्लोगल्ली बघून येतो," म्हणाला आणि शर्ट घेऊन गेला.

मी जमिनीवरच बसले. सासूबाई भिंगरीला म्हणाल्या, "जा गं, तुझ्या आत्याला पाणी दे. पांढरी फटक पडलीय ती."

आत्या म्हणाल्या! मी त्यांच्याकडे पाहिलं, तर म्हणाल्या, "बघतेस काय? माझ्या पोराला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात त्याचे. तुला पहिल्यांदा घरात आणलंन तेव्हाच झाले होते. मी काय आंधळी आहे?" मी त्यांच्या पायांशी ढसाढसा रडले. त्या "हं" म्हणाल्या.

पण वहिनी, बहीणबिहीण काही नाही, सगळी थाप. शहरात दुसरं कोणीही अशी घडी घालत नाही हे तुलाही माहीत आहे. सोमवारी त्यालाही कळेल. हे उद्या शनिवारी तुझ्याकडे येतील. आम्ही पळावं म्हटलं तर जंक्शनवर त्याचीच माणसं. मला काही सुचत नाही. तुला सुचलं तर सांग.

तुझी,
वन्सं

---

१८ एप्रिल

वन्सं,

तुमच्या सासूबाईंना माझा साष्टांग नमस्कार सांगा. आता मी काय केलं ते ऐका, आणि मामंजींच्या आत्म्याची माफी तुम्हीच मागा, माझं ते ऐकायचे नाहीत.

गल्लोगल्ली म्हणाल्या ना त्या? मग गल्लोगल्ली झालीच पाहिजे! शनिवारी तुमचे यजमान दुकानातून बाहेर पडले आणि मी पडदा काढून हातावर टाकला, त्यात चार शर्ट गुंडाळले आणि समोरच्या धुलाईवाल्याकडे गेले. तोच तो, पंधरा वर्षं पडद्याच्या फटीतून डोकावणारा. पट्टा लागल्यापासून ओळखही दाखवत नव्हता.

"काय पाहिजे?" म्हणाला, दार अर्धं लोटूनच.

"काही नको. द्यायला आलेय."

त्याला वाटलं मला वेड लागलं. मी शर्ट काढून त्याच्या टेबलावर घडी घातली, तेव्हा त्याने दार पूर्ण उघडलं आणि बायकोला हाक मारली. वन्सं, मी डावरी, ते सगळे उजवे! शेजारी बसून काही जमेना, नुसत्या गाठी. शेवटी समोरासमोर बसवलं, आरशात बघून करावं तसं. त्यांची उजवी बाही वर आली, म्हणजे मामंजींची होती तशीच. माझी आपली डावी. तिथून नाक्यावरचा, मग पुलाजवळच्या दोघी बहिणी. एकाने दार तोंडावर लावलं. बाकीच्यांनी शिकून घेतली. का देतेस, असं फक्त धाकट्या बहिणीने विचारलं. मी म्हटलं, पोरीच्या लग्नातला आहेर समजा. मी परत निघाले तशी ती माझ्याबरोबर पुलापर्यंत आली. पट्टेवालीबरोबर रस्त्यात चालणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

सोमवारी तो आला. सगळीकडे फिरून, सगळ्यांकडचे शर्ट घेऊन. माझ्या काउंटरवर ओळीने मांडले आणि म्हणाला, "सगळेच घालतात की."

"घालतात ना, साहेब. घडी काय कोणाच्या बापाची असते?"

बघा, काय वदवून घेतलं माझ्याकडून! त्याने मान हलवली. तुमच्या घराबद्दल त्याचा संशय फिटला, हे त्याच्या तोंडावर मला दिसलं. मी मनात हुश्श केलं. मग म्हणाला, "मग तुझं दुकान कशाला चालू ठेवायचं?" आणि बाहेर जाऊन दारावरचा कागद काढून घेतला. फाडलासुद्धा नाही. घडी करून खिशात ठेवला, अगदी वाईट घडी.

हे होणार हे शनिवारीच दिसत होतं. पडदा काढतानाच. तेव्हा उगाच मनाला लावून घेऊ नका. तुम्ही माझं लेकरू सांभाळताय, मी एक घडी दिली. फार नाही झालं.

भीती वाटतेय, वन्सं. खोटं कशाला बोलू? लॉरीचा आवाज आला की हातातली इस्त्री ठेवायचं भान राहत नाही, एक चादर जाळली. तरी आज पाणी तापवलंय, राहिलेली धुलाई आहे. गिऱ्हाइकाचे कपडे मळके सोडून गेले तर मामंजी वर घेणार नाहीत मला.

भिंगरीला दात आले का? आले की आधी कुठला आला ते लक्षात ठेवा. तुम्ही मला सांगायचंय.

वहिनी

---

१७ मे

वहिनी,

खालचा आला. उजव्या बाजूचा.

याआधीचं पत्र दोनदा तुझ्याकडे गेलं आणि दोनदा परत आलं, यांच्याच खिशातून. दुकानाला फळ्या ठोकल्यात. समोरच्याने यांना पाहून नुसती मान हलवली. पुलाजवळच्या बहिणीने सांगितलं, की तुला नेलं तेव्हा तू हात पुसून निघालीस, आणि दोरीवरचे कपडे वाळले की पोचते करा म्हणालीस. तिने पोचते केले.

साहेबाची बदली झाली. जाताना भिंगरीच्या गालाला हात लावला. ती हलली नाही. मी दोन दिवस जेवले नाही.

ती रोज विचारते, आई कधी. मी तिला काय सांगू, वहिनी? सासूबाई सांगतात, "काम आवरलं की." आणि तिला जवळ घेऊन झोपतात. पदर त्यांनीच धुऊन, इस्त्री करून ठेवलाय.

तुझी पत्रं जाळत नाहीये. रागाव पाहिजे तर.

वन्सं

---

८ नोव्हेंबर

वहिनी,

हे कुठे पाठवायचं ते ठाऊक नाही. खिसा नाही, दुकान नाही. लिहून ट्रंकेत ठेवणार आहे. पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

गाडीवाल्यांचे कपडे आता घरी धुवायचे नाहीत, असा हुकूम निघालाय. सगळ्यांचे गठ्ठे बांधून डेपोत द्यायचे, नंबर लावून. ते कुठल्याशा तळावर जातात, तिथे धरून नेलेल्या बायकांकडून धुऊन घेतात, आणि आठवड्याने परत येतात. मागच्या महिन्यात यांचा पहिला गठ्ठा परत आला. मी सोडला. वरच शर्ट होता, बाह्या छातीवर.

तुझाच हात, वाटलं. पण लगेच स्वतःला समजावलं, वेडे, आता शहरातला जो तो अशीच घालतो. तूच वाटून टाकलीस ना! तुझी म्हणून ओळखायची एकच खूण होती, तीही तू देऊन बसलीस. मी शर्ट कपाटात ठेवायला उचलला, तर भिंगरीने माझा हात धरला.

"आत्या, डावी वर आहे."

मी पाहिलं. डावी बाही वर होती. शहरातल्या सगळ्यांची उजवी वर असते, तूच लिहिलंस. मी यांना दाखवलं, हे म्हणाले, असेल कोणी दुसरी डावरी, आशा लावून घेऊ नकोस. पण कान लाल झाले होते.

आम्हाला चिठ्ठी घालायचा मोह झाला, लपवत नाही. पण गठ्ठे उघडून तपासतात. मागे एकाच्या कोटात चिठ्ठी सापडली, तो माणूस परत कामावर दिसला नाही. मी भिंगरीला सांगितलं, काही करायचं नाही, काही म्हणजे काही नाही. ती बरं म्हणाली.

बुधवारी गठ्ठा बांधायला घेतला तर यांचा मळका शर्ट, तेलाचे डाग, कॉलर काळी, आणि व्यवस्थित घडी घालून ठेवलेला! डावी बाही वर.

"धुवायला देताना कोणी घडी घालतं का गं?" मी ओरडलेच.

"कोणी नाही घालत," ती म्हणाली. "म्हणून तर."

मी मोडायला गेले. सासूबाईंनी मला हाताने मागे सारलं. शर्ट गठ्ठ्यात मधोमध ठेवला, वर पायजमे टाकले आणि गाठ मारली. "घडी घालणं काही गुन्हा नाही अजून," म्हणाल्या. पण गाठ त्यांनी दोनदा तपासली.

तो आठवडा कसा काढला ते सांगता येत नाही. बाहेर बूट वाजले की तिघी एकमेकींकडे बघत होतो. मला वाटत होतं, तपासणाऱ्याने ओळखलं असेल, तुला विचारलं असेल, आमच्या एका घडीपायी तुला... पुढचा विचार करवत नव्हता.

आज गठ्ठा आला. मला सोडवेना. सासूबाईंनी सोडला.

शर्ट वरच होता. उजवी बाही छातीवर आडवी, नेहमीसारखी. पण डावी तिच्यावर आडवी नव्हती. ती कोपरात दुमडून वर नेली होती आणि तिचा कफ बरोबर कॉलरच्या मध्यावर, पहिल्या बटणाच्या वर टेकवला होता. मी म्हटलं, विस्कटली वाटतं वाटेत.

भिंगरी टेबलासमोर उभी राहिली, ताठ. एक हात छातीवर आडवा घेतला आणि दुसऱ्याचं बोट तोंडावर ठेवलं. मग माझ्याकडे बघून, आवाज न करता, सगळे नवे दात दाखवून हसली.

सासूबाई म्हणाल्या, "हं." आणि पदराने डोळे पुसत पाणी तापवायला गेल्या.

तो शर्ट आम्ही मोडलेला नाही. हे जुनाच घालून ड्यूटीवर गेलेत.

तुझी,
वन्सं